वहिनीचा बारीक आवाज

आमच्या घरचा फोन वहिनीने उचलला की पलीकडून हमखास एकच वाक्य यायचं, "बाळ, घरात कुणी मोठं आहे का?"

वहिनी तेव्हा पस्तिशीला टेकलेली. एका मुलीची आई, हातात इलेक्ट्रॉनिक्सची पदवी, गाठीला निम्म्या गावाचे टीव्ही दुरुस्त केल्याचा अनुभव. "आहे ना," असं म्हणून ती फोन दुसऱ्या कानाला लावायची, हनुवटी खाली दाबायची आणि जाड आवाजात म्हणायची, "हॅलो, बोला." हा जाड आवाज तिने मेहनतीने कमावला होता. लोक कामाला जाताना डबा नेतात तशी ती तो न्यायची, आणि घरी आली की चपलांबरोबर दाराशी उतरवून ठेवायची.

तिचा खरा आवाज बारीक. गोड म्हणावा असा नाही, नुसता बारीक, सुईच्या टोकासारखा. लहानपणी त्याने काही अडलं नाही. शाळेची बंद पडलेली इलेक्ट्रिक घंटा तिने स्टुलावर चढून दुरुस्त केली, आणि करताना ती भलत्याच वेळी वाजवून अख्खी शाळा घरी पाठवली. वडिलांनी त्याच दिवशी ठरवलं, ही इंजिनियर होणार. मुख्याध्यापकांनी ठरवलं, हिचं काही खरं नाही.

अडलं ते पुढे. कॉलेजात तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणाले, "उत्तर बरोबर आहे मुली, पण ऐकून खात्री वाटत नाही." तिच्यानंतरच्या मुलाने त्याच प्रश्नाचं उत्तर चुकीचं दिलं, पण घोगऱ्या आवाजात. त्याच्याविषयी त्यांना खात्री वाटली. टीव्हीच्या दुकानात गिऱ्हाईक विचारायचं, "मेकॅनिक कुठे गेला?"

"इथेच आहे. बोला."

"तुम्ही नाही हो. खरा मेकॅनिक."

हे सगळं ती आम्हाला हसत हसत सांगायची, दोन्ही बाजूंचे आवाज काढून. जाड आवाज कमावण्यामागे हेच होतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

भाची शाळेत जाऊ लागल्यावर वहिनीने पुन्हा नोकरी शोधली. हॉस्पिटलचे पलंग बनवणाऱ्या एका कंपनीत मुलाखत होती. "मुलगी आजारी पडली तर?" असं विचारल्यावर तिने सांगितलं, "तिला बाप आहे." माझा दादा शाळेत भूगोल शिकवतो, दुपारी घरी असतो, मुलीला ताप आला तर तिच्यापेक्षा जास्त घाबरतो पण सांभाळतो. सहा महिन्यांच्या बोलीवर तिला घेतलं. काम होतं टेस्टिंगचं. पलंग पेशंटच्या वापरात जायचा तर तिची सही लागायची.

कंपनीचा लाडका पलंग एकच होता. त्याला सगळे गुण्या म्हणत, कारण तो सांगितलेलं ऐकायचा. ज्यांचे हात चालत नाहीत अशा पेशंटसाठी तो केला होता. झोपल्या झोपल्या "डोकं वर" म्हटलं की डोक्याकडची बाजू उचलली जायची, "पाय खाली" म्हटलं की पाय खाली यायचे. आणि सगळ्यांत महत्त्वाचा शब्द "थांब". त्याला बटण नव्हतं. पेशंटच्या तोंडातला शब्द हेच बटण.

वहिनी गुण्याबद्दल घरी इतकं बोलायची की दादा म्हणायचा, "आपल्याला दुसरं मूल झालंय, फक्त त्याला चाकं आहेत."

टेस्टिंगच्या खोलीत एक रीत होती. सकाळचा चहा ट्रेमधून यायचा. त्यातल्या एका कपाचा काठ टवका उडालेला होता. तो ज्याच्या हाती लागेल तो त्या दिवशीचा पेशंट. त्याने गुण्यावर झोपायचं, हुकूम सोडायचे आणि बाकीच्यांनी मोजमापं घ्यायची. कप चुकवण्यासाठी गडी माणसं काय काय करायची, उशिरा यायची, चहा सोडल्याचं सांगायची. वहिनी खोलीतली पहिलीच बाई. बाईमाणसाला सगळ्यांसमोर पलंगावर झोपायला कसं सांगायचं, म्हणून त्यांनी आपापसांत वर्गणी काढून तिच्यासाठी फुलाफुलांचा एक वेगळा कप आणला. फार आपुलकीने आणला. त्यामुळे टवक्याचा कप तिच्या वाट्याला कधी आलाच नाही. ती मोटरी तपासायची, तारा जोडायची, आकडे लिहायची. गुण्याशी बोलायची वेळ तिच्यावर यायचीच नाही.

सहावा महिना लागला तेव्हा एका सकाळी तिने ट्रेमधला टवक्याचा कप स्वतःच उचलला.

"अहो मॅडम, तो नका घेऊ," नाना म्हणाले. नाना म्हणजे आवाजाच्या विभागाचे प्रमुख. गुण्याला कान त्यांनीच दिले होते. डोक्यावर केस नाहीत, त्याची भरपाई मिशीने केलेली.

"का? गळतो का?"

"गळत नाही. पण तो पेशंटचा आहे."

"मग आज पेशंट मी."

"तुम्ही कशाला? आम्ही आहोत की एवढे झोपायला."

"तेच म्हणते मी. झोपायला एवढे, आणि तारा जोडायला मी एकटी."

चहा संपवून ती चपला काढून गुण्यावर आडवी झाली. खोलीतले सगळे सभ्यपणे खिडकीबाहेर पाहू लागले. ती म्हणाली, "डोकं वर."

गुण्या ढिम्म.

"जरा मोठ्याने," नानांनी खिडकीला सांगितलं.

"डोकं वर."

"तसं नव्हे हो. ठसठशीत. डोकं वर." हे नाना म्हणाले, आणि गुण्या उठू लागला. वहिनी म्हणाली, "थांब." तो उठतच होता. "थांब." पुस्तक मिटत यावं तशी ती मिटत चालली. तिसऱ्यांदा तिने जाड आवाज लावायचा प्रयत्न केला, पण कमरेत वाकलेल्या माणसाला जाड आवाज निघत नाही. शेवटी नाना वळून पाहत म्हणाले, "अरे थांब," आणि गुण्या जागच्या जागी थांबला. शहाण्या मुलासारखा.

तिथूनच, गुडघ्यांच्या वरून डोकावत, वहिनी म्हणाली, "नाना, हा माझं ऐकत नाही."

"नवीन आहात. सवय होईल."

"कुणाला? मला की त्याला?"

नानांनी समजावलं. गुण्याला लहान मुलासारखं शिकवलेलं असतं. हजारो वेळा वेगवेगळ्या माणसांचे शब्द ऐकवायचे, मग तो ओळखायला लागतो. वहिनीने विचारलं, त्यात बायका आहेत का? "आहेत म्हणजे काय," नाना म्हणाले, "बायकांचा कप्पाच वेगळा आहे." आणि त्यांनी संगणक तिच्या पुढे सरकवला.

तिने कानाला हेडफोन लावले. पहिला आवाज बारीक, लाडिक, मधात बुडवल्यासारखा, "थांऽऽब." दुसरा तसाच. तिसराही. पाचव्या-सहाव्यात शब्दाआधी कुणीतरी खोकलं. तो खोकला वहिनी रोज टेबलापलीकडून ऐकत होती.

तिने हेडफोन काढले. "नाना, हे तुम्ही आहात."

नानांनी मिशीवरून हात फिरवला. "सुरुवातीचे थोडे मी आहे. पुढे स्टोअरवाला आहे. तो चांगला काढतो. नाटकात बाईचं काम करायचा."

"सगळे?"

"तेव्हा इथे बाई कुठे होती, मॅडम? कुणाला विचारणार?"

"घरी विचारायचं."

"बायकोला? ती म्हणाली असती, पलंगाशी बोलायला वेळ आहे तुम्हाला, माझ्याशी नाही."

त्या संध्याकाळी वहिनीने आमच्या स्वयंपाकघरात सगळा प्रयोग करून दाखवला. नाना केले, स्टोअरवाला केला, गुण्याही केला. आम्ही पोट धरून हसलो. भाची "थांऽऽब" म्हणत घरभर नाचली. दादा ओट्याला टेकून डोळे पुसत म्हणाला, "म्हणजे त्याच्या लेखी बाई म्हणजे मिशीवाला गडी." आईही हसत होती, आणि हसता हसता तिने आपल्या मनगटांकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात घसरून तिची दोन्ही मनगटं मोडली होती. दोन्ही हात प्लॅस्टरमध्ये. वहिनीने तिला तेव्हा महिनाभर हाताने भरवलं होतं.

"अगं," आई म्हणाली, "तेव्हा मला ह्याच्यावरच झोपवलं असतं ना?"

"हो."

"आणि मी थांब म्हटलं असतं तर?"

वहिनीने गॅस बंद केला. हसू कधी विझलं ते आम्हाला कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली. कंपनी त्यांची. माणूस वाईट नव्हे, पण पलंग शुक्रवारी हॉस्पिटलमध्ये सुरू व्हायचा होता.

"वॉर्ड तयार आहे, मॅडम. पडदेसुद्धा लागले. फक्त तुमची सही राहिली आहे."

"तो बायकांचं ऐकत नाही, साहेब."

"सूचना लावू. मोठ्याने आणि स्पष्ट बोलावे."

"पोटाला टाके घातलेल्या बाईने?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "तुमची सहा महिन्यांची मुदत या महिन्यात संपते आहे. लक्षात आहे ना?" हे त्यांनी इतक्या हळुवारपणे विचारलं की धमकी वाटेना, आणि म्हणूनच ती जास्त बोचली.

"लक्षात आहे. मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या. मी आवाज आणते, नाना शिकवतील. हॉस्पिटलमध्ये मी स्वतः त्याच्यावर झोपेन, तो माझ्या शब्दाला थांबला तर तिथेच सही करेन."

"आणि नाही थांबला तर?"

"तर पलंग तिथे राहणार नाही आणि मी इथे."

हे ती जाड आवाजात बोलली. जिना उतरताना मागून नाना धापा टाकत आले. त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाले, "मशीन मी मोकळं ठेवतो. माझा तो कप्पाही पुसून टाकतो. पण एवढ्या बायका आणणार कुठून?"

"नाना, बायका आणाव्या लागत नाहीत," ती म्हणाली. "असतात."

आणि मग ते दिवस सुरू झाले. मला आठवतात ते वाऱ्यावर वाळत घातलेल्या कपड्यांसारखे, सगळे फडफडणारे. एम.ए.चा माझा शेवटचा पेपर नुकताच संपला होता. माइकची पिशवी वहिनीने माझ्या खांद्यावर टाकली. "चला पुस्तकबाई. आतापर्यंत लिहिलेलं वाचलंत, आता बोललेलं गोळा करा."

आम्ही ब्यूटी पार्लरमध्ये गेलो, तिथे एकीच्या तोंडाला लेप होता, ती ओठ न हलवता बोलली आणि वहिनी म्हणाली, "उत्तम, जबडा बांधलेला पेशंट असाच बोलेल." नर्सिंगच्या मुलींच्या वसतिगृहात गेलो, तिथे रांग लागली. शिवणाऱ्या बाई तोंडात टाचण्या धरून "थांब" म्हणाल्या. दिवस भरत आलेली शेजारीण दम खात म्हणाली. निवृत्त मुख्याध्यापिकांनी एकदाच म्हटलं, तर रस्त्यावरचा सायकलवाला थांबला. बसच्या कंडक्टर बाई म्हणाल्या, "मी तर दिवसभर हेच ओरडते. पैसे मिळतात याचे?"

"चहा मिळेल."

"मग दोनदा म्हणते."

एक गोष्ट मात्र आमच्या ध्यानीमनी नव्हती. नुसतं "थांब" कुणी म्हणतच नव्हतं. "थांब हं जरा." "अरे थांब की." "थांब ना रे बाबा." "पुरे पुरे." एक आजी म्हणाल्या, "बास आता, राजा." वहिनी आधी प्रत्येकीला सुधारत होती. फक्त एक शब्द म्हणा, आजी, पुढचं मागचं काही नको. आजी मान डोलवायच्या आणि पुन्हा म्हणायच्या, "बरं. बास, राजा."

अशाच एका घरातून बाहेर पडताना वहिनी पायरीवर थबकली.

"आपण ह्यांना का शिकवतोय?" ती म्हणाली. "शिकायचंय त्याला." आणि तिथूनच तिने नानांना फोन लावला. नानांचा आवाज मला बाजूला उभ्या उभ्या ऐकू येत होता. "मॅडम, एक शब्द ठरला होता. सगळं त्यावर बेतलंय."

"घाबरलेला माणूस ठरलेलं बोलत नाही, नाना. तुम्ही तरी त्या दिवशी काय म्हणालात? 'अरे थांब.'"

पलीकडे नाना खोकले आणि म्हणाले, "आणा. सगळं आणा. बास राजासुद्धा."

आईला कुणी विचारलं नाही म्हणून ती रुसली होती. "साऱ्या गावाचा आवाज घेतलात. मी काय मुकी आहे?"

"तुमचा परीक्षेला ठेवलाय, आई," वहिनीने सांगितलं. "जे आवाज शिकवले ते तर तो ओळखणारच. न ऐकलेला आवाज ओळखला तर खरा पास."

"म्हणजे मी अवघड गणित."

"फार अवघड," दादा म्हणाला. "बाबांना जन्मभर सुटलं नाही."

आईने त्याला लाटणं दाखवलं, पण खूश झाली. माझाही आवाज परीक्षेसाठी होता. आणि वहिनीचा तर कुठेच नव्हता. तिने तो माइकसमोर एकदाही काढला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "माझा शेवटी. थेट त्याच्यासमोर."

गुरुवारी दुपारी नानांचा फोन आला. परीक्षेसाठी राखून ठेवलेल्या आवाजांतल्या जवळजवळ सगळ्या बायका पास झाल्या होत्या; दोघींना दुसऱ्यांदा म्हणावं लागत होतं, त्यांच्यासारखे आवाज नानांनी आणखी शिकवून घेतले. "तुमच्या सासूबाई पहिल्याच झटक्यात," ते म्हणाले. आईने हे शेजारी तीन घरी जाऊन सांगितलं. पण ती परीक्षा संगणकावरची होती. गुण्या तोवर सुटा होऊन हॉस्पिटलमध्ये पोचला होता. नवं शिकलेलं त्याच्यात तिथेच घालायचं होतं.

शुक्रवारी सकाळी मीही गेले; माइकची पिशवी आता माझीच झाली होती. वॉर्डला नव्या रंगाचा वास होता. पडदे फिकट निळे, अजून घड्या न मोडलेले. मधोमध गुण्या, त्याच्याभोवती साहेब, नाना, स्टोअरवाला आणि हॉस्पिटलच्या मोठ्या सिस्टर. त्यांनी पलंगाभोवती एक फेरी मारली, गादी दाबून पाहिली आणि हाताची घडी घातली.

"आधी तुमच्यातलं कुणीतरी झोपा. माझ्या पेशंटवर प्रयोग नकोत."

पुरुषमंडळी सवयीने एकमेकांकडे पाहू लागली. नानांनी मात्र खांद्यावरची पिशवी उघडली. आतून रुमालात गुंडाळलेला कप काढला. काठाचा टवका मी लांबूनही ओळखला. थर्मासमधला चहा त्यात ओतून त्यांनी तो वहिनीपुढे धरला.

"घ्या. तुमचा आहे."

तिने तो दोन घोटांत संपवला. चपला काढल्या आणि आडवी झाली. या वेळी कुणी खिडकीबाहेर पाहिलं नाही.

"डोकं वर," नाना म्हणाले, आणि पलंग उठू लागला.

मी तिच्या गळ्याकडे पाहत होते. हनुवटी खाली गेली होती. मला ती ओळखीची होती, ती फोनवरची हनुवटी. जाड आवाज येणार. पलंग उठत होता, मोटर एका सुरात गुणगुणत होती, साहेबांनी चष्मा काढला होता. आणि तिची हनुवटी हळूच वर आली. घरी भाची खुर्चीवर चढून कपाट उघडायला लागली की निघतो, त्या आवाजात ती म्हणाली,

"बास रे. थांब ना आता."

मोटरीचं गुणगुणणं थांबलं. इतकं चटकन, की शांततेचाच दचका बसला.

वहिनी तशीच अर्धवट उठलेली. तिने छताकडे पाहिलं. मग म्हणाली, "खाली." तो खाली आला. "पाय वर." पाय वर. "थांब." थांबला. "डोकं वर. पुरे." ती आता तपासत नव्हती, खेळत होती. जत्रेत पाळणा मिळालेल्या मुलीसारखी, सगळे पाहताहेत हे विसरून. नाना मिशीआड हसत होते आणि डोळे पुसत होते, आणि दोन्ही एकदम जमत नव्हतं.

"उतरा आता, माझी पाळी," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. घसा बसला होता त्यांचा. त्या झोपल्या आणि जेमतेम कुजबुजल्या, तरी तो थांबला. त्यांनी चार वेळा थांबवला. पाचव्यांदा पलंग उठू लागला तेव्हा स्टोअरवाल्याला राहवेना. तो पुढे झाला, मान वाकडी करून, आपल्या जुन्या मधाळ स्वरात म्हणाला, "थांऽऽब."

पलंग बेधडक चालू.

"हा कोण?" सिस्टरनी पडल्या पडल्या विचारलं.

"ह्या पलंगाची आधीची बाई," वहिनी म्हणाली, आणि वॉर्डात जे हसू उसळलं ते ऐकून एक पडदा बाहेरून सरकवून कुणी डॉक्टर डोकावून गेला.

सही तिने गुण्याच्या गादीवरच कागद ठेवून केली. साहेब बाजूला उभे होते. म्हणाले, "त्या मुदतीचं आता काही मनात ठेवू नका, मॅडम. सोमवारी या. आणि यापुढे आवाज गोळा करायचे ते तुम्ही आणि नाना, दोघांनी मिळून."

"आणि अजून एक बाई घ्या," ती म्हणाली. "एकीचा कप लगेच वेगळा निघतो."

साहेबांना कपाचं काही कळलं नाही. नानांना कळलं.

निघताना तिने नर्सच्या टेबलावरून घरी फोन लावला. आईने उचलला. ती सकाळपासून तिथेच बसून असणार.

"थांबला का गं?"

"थांबला."

आईला सुनेचे दोन्ही आवाज ठाऊक होते. "कुठल्या आवाजाला?"

"ह्याच," वहिनी म्हणाली. टेबलापलीकडच्या नर्सने मान वर करून पाहिलं, फोनवर कुठलं लहान मूल बोलतंय म्हणून.